पहिलीच्या वर्गातला अबोला

९ जुलै १९७४

लेख आज गेला. नागपूरच्या बर्डी पोस्टात रजिस्टर केला, पावती पर्समध्ये ठेवली. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच की घरी जाऊन पंख्याखाली पडावं.

दिल्लीच्या त्या त्रैमासिकात छापून आलं तर उपयोजित भाषाशास्त्रात काही काम केलं असं म्हणता येईल, आणि कॉलेजात कायम होण्याचा माझा अर्ज पुढे सरकेल. दर एप्रिलमध्ये नोकरी संपते, जुलैत पुन्हा नेमणूक मिळते. या खंडांचा कंटाळा आला आहे.

लेख इंग्रजीत इतक्यांदा घासला की माझा मलाच परका वाटू लागला, म्हणून इथे मराठीत लिहून ठेवते. सावनेर तालुक्यातल्या एका खेड्यात मी पहिलीच्या वर्गात जाऊन बसत होते. मुलं घरी ‘मले’, ‘तुले’ बोलतात. पुस्तक ‘मला’, ‘तुला’ बोलतं. मूल तोंड उघडतं, बाई शब्द सुधारतात, मूल सुधारलेला शब्द म्हणतं आणि बसतं. बाई रागावत नाहीत, मारत नाहीत, हसून सुधारतात. तरी दिवाळीपर्यंत मुलं शुद्ध बोलू लागत नाहीत, कमी बोलू लागतात. आधी वाक्यं आखूड होतात, मग ‘हो’, ‘नाही’, आणि मग नुसती मान. शेवटचा भाग वच्छला नावाच्या मुलीवर आहे. जूनमध्ये ती वर्गात सगळ्यांत जास्त बोलायची. जानेवारीत मी तिच्या तोंडून एकही शब्द ऐकला नाही.

लेखावर देवपुजारी सरांचं नाव पहिलं आहे, माझं दुसरं. ते विभागप्रमुख आहेत. “ज्येष्ठतेनं घ्यायचं असतं, गोपिकाबाई,” म्हणाले. लेख त्यांनी वाचला की नाही, मी विचारलं नाही.

२१ जुलै

माझा भाऊ रुपराव मायला घेऊन आला. मेडिकल हॉस्पिटलात डोळा दाखवला. मोतीबिंदू अजून पिकला नाही, थंडीत काढू म्हणाले. रुपरावकडे चुलीचा धूर फार, म्हणून तोवर माय इथेच राहणार. भाऊ दुपारच्या बसने सावनेरला परत गेला.

संध्याकाळभर माय बोलत होती. कोणाची म्हैस कोणाच्या वावरात शिरली, कोणाच्या पोरीला कोण पाहून गेलं. मधुसूदन ऑफिसातून आले ते कपडेही न बदलता तिच्यासमोर बसून हसत होते. यांच्या महाल भागातल्या माणसांत असं बोलणारं कोणी नाही. चारू तर आजीला चिकटूनच होती. जेवायच्या वेळी ती म्हणाली, “आई, मले भूक लागून राहिली.”

मधुसूदनना गंमत वाटली. मला नाही वाटली. ती यंदाच पहिलीत गेली आहे, शाळेत तिला हसतील. स्वयंपाकघरात मी मायला हळूच सांगितलं, “माय, चारूसमोर जरा जपून बोलशील? तिची पहिली आहे.”

“हाव, जपीन ना,” माय म्हणाली. “मले काय मालूम.”

मायला कशाचं वाईट वाटत नाही, हे एक बरं आहे.

४ ऑगस्ट

दिल्लीहून पोच आली, बाकी काही नाही. कॉलेजात चार तास लागोपाठ. घसा बसला.

चारू आजीशी शाळा-शाळा खेळते. ती बाई, आजी विद्यार्थी. “आजी, मले नाही, मला. म्हण बघू.” आजी म्हणते. “आजी, सांबार नाही, कोथिंबीर.” आजी म्हणते. आजीचं बरोबर आलं की चारू टाळ्या वाजवते. घरात चांगली करमणूक झाली आहे. मला तेवढाच वेळ तासांची तयारी करायला मिळतो.

१९ ऑगस्ट

काल तान्हा पोळा झाला. चारूचा लाकडी बैल मायने सजवला, डोळ्यांनी नीट दिसत नसताना. यांच्या आत्या, यमुताई, महालातून आल्या होत्या. माय त्यांच्यासमोर बसली पण फार बोलली नाही. प्रवास कसा झाला, डोळा दुखतो का, सगळ्याला ‘हो’, ‘नाही’. जाताना यमुताई म्हणाल्या, “तुझी आई किती शांत आहे गं. तू सांगायचीस त्यावरून मला वेगळंच वाटलं होतं.”

खरंच शांत झाली आहे. दिसेनासं झालं की माणूस आत वळत असेल. वयही झालं. मागच्या दारी भाजीवालीशी मात्र तिचं बराच वेळ चालतं. त्या बाईला सोडत नाही. आज मी मागे गेले तेव्हा दोघी गप्प झाल्या. बहुतेक मोलभाव चालला असेल.

५ ऑक्टोबर

दिल्लीचं पाकीट आलं. नाकारलेला नाही, स्वीकारलेलाही नाही.

परीक्षकाचं म्हणणं असं: मुलं वर्गात गप्प होतात हे दिसतं, पण दुरुस्तीमुळे होतात हे कशावरून? मूल मुळात लाजरं असेल. आजारी असेल. तेच मूल, कोणी न सुधारणाऱ्या माणसाशी, स्वतःच्या घरात किती बोलतं, ते ध्वनिमुद्रित करून दाखवा. नाहीतर वच्छलेचा भाग गाळा.

म्हणणं योग्य आहे, हाच त्रास. मूर्खपणाचं असतं तर रागावता आलं असतं.

देवपुजारी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. दोन वर्षांत निवृत्त होतील, त्यांनाही कशातच फार रस उरलेला नाही.

“गाळून टाका न तो भाग,” ते म्हणाले. “एका पोरीसाठी कायको अडून बसता? छापून येणं महत्त्वाचं. तुमच्यासाठीच सांगतो.”

“त्या भागाशिवाय लेखात काय राहतं, सर?”

“तक्ते राहतात. तक्ते चांगले आहेत.”

येताना रिक्षात विचार करत होते की गाळावाच. वादावादीची ताकद नाही. घरी आल्यावर पुन्हा तो भाग वाचला आणि गाळवेना.

२० ऑक्टोबर

मधुसूदननी ऑफिसातल्या मित्राकडून कॅसेटचं यंत्र मागून आणलं. ते घेऊन आज वच्छलेच्या घरी गेले. सावनेरपर्यंत बस, पुढे बैलगाडी. ऊन अजून भाजतं आहे.

वच्छलेच्या आईने बाज टाकली, चहा केला. वच्छला दाराआडून पाहत होती. मी यंत्र दाखवलं, बटण दाबू दिलं, खेळायला काय आवडतं विचारलं. मान. शाळेत कोण मैत्रीण आहे? मान. मग मी ठरवलं की तिच्यासारखंच बोलावं. लहानपणी मी हेच बोलत होते. म्हटलं, “तुले कोनतं खेळनं आवडते वं?”

वच्छला आईच्या पदरात तोंड लपवून हसली. आईही हसली आणि लगेच गप्प झाली. म्हणाली, “बाई, तुमी तुमचंच बोला ना. तिले समजते.”

मला माझंच ऐकू आलं. शब्द सगळे बरोबर होते, पण सूर नाटकातल्या खेडवळ बाईसारखा होता. अकराव्या वर्षी वसतिगृहात आले, मग नागपूर, मग पुण्याचे उन्हाळी वर्ग, मग महालातलं सासर. कुठेतरी मागे राहून गेलं ते.

कॅसेटवर कोंबड्या आहेत आणि माझा आवाज आहे.

२७ ऑक्टोबर

कल्पना मधुसूदनची. “तुझ्या आईला ने,” ते म्हणाले. “त्या पोरीशी तुझी आई बोलेल. तू तिथे थांबूच नकोस.”

मी म्हटलं, माय तर अलीकडे कोणाशीच बोलत नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही म्हणायचं असावं, पण वर्तमानपत्र उचललं.

मायला विचारलं. “हो, येते की,” म्हणाली. यंत्राचं तिला काही वाटलं नाही. दिवाळीत सावनेरला जाणारच आहोत, तेव्हा जमेल.

१७ नोव्हेंबर

झालं. मुद्रण चांगलं झालं असावं. थकले आहे, पण आजचं आजच लिहायला हवं.

माय आणि वच्छला घरात, यंत्र मधे. मी आणि वच्छलेची आई बाहेर कडुनिंबाखाली. मध्ये मातीची भिंत आणि उघडं दार. सगळं ऐकू येत होतं.

आधी माय एकटीच बोलत होती, सागरगोट्यांविषयी, लहानपणी कशी चोरून खेळायची त्याविषयी. तिचा आवाज ऐकून मी दचकले. किती मोठा होता. जुलैत आली तेव्हाचा. मग वच्छला मध्ये बोलली. मग माय, मग वच्छला. मग वच्छला थांबेचना. बकरी, मामा, मामाची सायकल, विहिरीत पडलेली बादली. वच्छलेची आई माझ्याकडे अशी पाहत होती की हे काय मोठं, ही तर रोजच डोकं खाते.

मग मायने विचारलं, “शाळेत काहून नाही बोलत वं?”

“बाई बोलू देत नाही.”

“मारते?”

“नाई. मी बोलली का मंग थे दुसरं म्हनाले लावते.”

सागरगोटे वाजले. मग माय म्हणाली, “मी बी नाई बोलत. माह्या पोरीच्या घरी.”

“तुले कोन हसते?”

“हसत नाई वं कोनी. चांगले हायेत सारे. नीट करून देते.”

“मंग?”

“मंग काय. आपल्या मनातलं सांगाले जावं, थे राहून जाते तथीच. चूप बसलेलं बरं. तुहा डाव हाये, टाक.”

वच्छलेची आई माझ्याकडे पाहत नव्हती. मी विचारलं, यंदा कापसाची पऱ्हाटी कशी आहे. ती म्हणाली, बरी आहे.

मला वाटतं, वच्छलेला बोलतं करण्यासाठी माय तसं म्हणाली असेल. समोरच्याला आपल्यासारखं वाटलं की तो बोलतो. लोकांना बोलतं करायची कला मायच्या अंगी आहेच.

८ डिसेंबर

सुट्टीच्या दिवसांत कॅसेट ऐकून उतरवते आहे. थांबव, मागे ने, पुन्हा ऐक. बोटं दुखतात. वच्छलेची वाक्यं लांब आहेत, गुंतागुंतीची आहेत, वर्गात जे प्रकार एकदाही ऐकले नाहीत ते सगळे आहेत. परीक्षकाला हवं तेच.

मधुसूदन कॅसेट ऐकत शेजारी बसले होते, मी उतरवलेले कागद ते पडताळून पाहत होते. एका ठिकाणी थांबून म्हणाले, “इथली वाक्यं का गाळलीस?”

“ती वच्छलेची नाहीत.”

“वच्छलेचे प्रश्न तर आहेत ना मध्ये? ‘तुले कोन हसते?’”

“विषयाशी संबंध नाही,” मी म्हटलं.

त्यांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, “गोपिका, संबंध नसेल तर नसेल. पण आई आत बसल्यात. त्यांच्याशी बोल.”

मी त्यांना म्हटलं, तुम्हाला आमच्या घरचं कळायचं नाही. हे लिहिताना वाटतं की ते उगाच म्हटलं.

१० डिसेंबर

आज मायला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हटलं, “माय, घरात तुला हवं तसं बोलत जा. मी काही म्हणणार नाही. चारूलाही सांगितलंय.”

“हो,” ती म्हणाली.

“मनापासून सांगते आहे.”

“हो गं. बोलते ना मी.”

‘गं’ म्हणाली. जन्मभर मला ‘वं’ म्हणत आली आहे.

२२ डिसेंबर

नवा लेख पाठवला. मायला सांगून काही फरक पडलेला नाही. उलट आता बोलायच्या आधी ती क्षणभर थांबते. मी जवळ असले की आधी शब्द आत लावून पाहते, मग बोलते. वर्गातल्या मुलांचंही असंच व्हायचं. लेखात त्यावर एक परिच्छेद आहे.

१९ जानेवारी १९७५

मायचा मोतीबिंदू काढला. पट्टी आहे. डॉक्टर चांगले होते, स्वतः सावनेरकडचे निघाले. “काय आजी, कसं वाटून राहिलं?” म्हणाले आणि मायने त्यांना सगळी हकीकत सांगितली. सुरुवातीपासून. बाकीचे रोगी खोळंबले होते. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते, हातात फळांची पिशवी.

१६ फेब्रुवारी

रुपराव येऊन मायला घेऊन गेला. मी म्हटलं, तिकडे धूर आहे, निदान उन्हाळ्यापर्यंत राहा.

“चालेल मला,” माय म्हणाली. “आता दिसतं.”

चारू रडली. दुपारी मागच्या दारी भाजीवाली आली आणि आजी कुठे म्हणून विचारत होती. गेल्या म्हटल्यावर पाटी न उतरवताच पुढे गेली.

३ मे

लेख स्वीकारला. संपादकांनी लिहिलं आहे की घरातल्या मुद्रणामुळे लेखाला पाठीचा कणा मिळाला. घरी तसं बोलणारं मूल वर्गात गप्प होतं, यावर आता शंका घेता येत नाही. मुद्रणात मुलीशी बोलणारी प्रौढ स्त्री कोण, तिच्याविषयी एक तळटीप द्या, असंही आहे.

तळटीप लिहायला संध्याकाळ गेली. ‘संशोधिकेची आई’ लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं, ‘सावनेरच्या एक वृद्ध रहिवासी, मुलीला अपरिचित.’ खोटं काही नाही त्यात.

१२ जुलै

काल मुलाखत झाली. अंक अजून निघालेला नाही, पण स्वीकृतीचं पत्र नेलं होतं. समितीतल्या एकांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, “हे काम तर देवपुजारींचं दिसतं.” देवपुजारी सर समोरच बसले होते. खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, “बाईंनी बरीच मदत केली.”

मी ‘हो’ म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे. वर्गात शिकवताना मला शब्द पुरत नाहीत आणि तिथे एक वाक्य जुळेना.

आणखी एका वर्षाची नेमणूक. मधुसूदन फार चिडले. मला चिडायला जमलं नाही. झोप येत होती.

४ नोव्हेंबर

सावनेरला आहे. दिवाळी काल झाली. लेखाच्या सुट्या प्रती गेल्या आठवड्यात आल्या, त्यातली एक मायसाठी आणली. छपाई चांगली आहे. वच्छलेचा भाग पूर्ण आहे. तिला दाखवायला शाळेत गेले नाही. दाखवून तिला काय कळणार?

मायने प्रत हातात घेतली, चष्मा लावून पहिलं पान न्याहाळलं. इंग्रजी तिला येत नाही. “छान आहे,” म्हणाली. “तुझं नाव कोणतं?” मी दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. “बारीक आहे,” म्हणाली, आणि तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या. मीही शेंगा घेतल्या. आम्ही दोघी अंगणात. शेजारच्या पोरांत चारू खेळत होती.

चारू धावत आली. लाल झाली होती. “आजी, मले पानी दे ना.”

माझं तोंड उघडलं. मी बंद केलं. काहीच बोलले नव्हते, पण मायने पाहिलं.

“मला म्हणावं बाळा,” माय चारूला म्हणाली. “मला पाणी दे.”

“म्हणू दे तिला,” मी म्हटलं. “असू दे.”

“कशाला असू दे? शिकू दे नीट.”

“त्यात काही चूक नाही, माय. मी हेच तर लिहिलं आहे. मुलांना असं सुधारू नये म्हणूनच तर हा सगळा लेख आहे.”

मायच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“इंग्रजीत लिहिलं ना?” ती म्हणाली. “पोरीच्या शाळेतल्या बाईले येते का थे वाचता? उद्या हे तथी मले-तुले करन, साऱ्या पोट्ट्या हासतीन, तवा तू जाशीन का तुह्यं पुस्तक घेऊन? पहिले मले चूप बसवलं. आता पोरीले म्हनतं बोल. एक काय थे ठरव ना वं.”

चारू पाणी विसरून आजीकडे पाहत होती.

“आन नाव एवढं बारीक काहून तुह्यं? त्या मानसाचं पहिले काहून? तो आला होता काय बैलगाडीत बसून? तू काई बोलली नाई त्याले? तुले त बोलता येते ना शुद्ध?”

मग ती थांबलीच नाही. मी वाळले आहे. मी भावाकडे फक्त सणाला येते. चारूच्या वेण्या इतक्या घट्ट घालते की पोरीचं कपाळ ताणतं. जावई भला माणूस आहे म्हणून चाललं आहे. डोळ्याच्या वेळी दवाखान्यात मी परक्यासारखी पायथ्याशी उभी होते, तेही तिने डोळ्यावर पट्टी असताना ओळखलं होतं. रुपरावची बायको भाकरी टाकायची सोडून दारात येऊन ऐकत उभी राहिली.

मी शेंगा सोलत होते. दोन-तीन गोष्टी तिच्या चुकीच्या होत्या, सांगता आल्या असत्या. पण मध्ये बोलले असते तर ती थांबली असती.